वस्त्र, प्रकाश आणि श्वास

(समाजाच्या वार्षिक संमेलनात मोहाडी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या चालकांनी आरोग्य आणि विज्ञान या विषयावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली. मी डॉक्टर नव्हे. आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकविणारा एक निवृत्त शिक्षक आहे, आणि मागावर बसणाऱ्या घरात जन्मलो, एवढीच माझी दुसरी पात्रता. तेव्हा या दोन्ही गोष्टी जेथे एकत्र येतात असा विषय मी निवडला आहे. अंगावर घालण्याच्या वस्त्रात प्रकाश वाहून नेणारे तंतू विणायचे आणि त्यांच्या साहाय्याने, सुई न टोचता, रक्त न काढता, माणसाचा श्वास, नाडी आणि अंगातील उष्णता मोजायची, अशी ही नवी विद्या आहे. विषय परदेशी वाटेल. परंतु त्याचा निम्मा भाग आपल्या अंगणातला आहे, हे पुढे दिसेलच.

आरंभ एका रात्रीपासून करतो. २०२१ सालच्या एप्रिल महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझे वडील घरीच अंथरुणाला खिळले होते. कोठेही खाट मिळणे कठीण होते. आम्ही तिघे भावंडे आळीपाळीने जागत होतो आणि दर तासाला त्यांच्या बोटाला तो लहानसा चिमटा लावून त्यावरचा आकडा वहीत लिहीत होतो. दर वेळी त्यांची झोप मोडे, ते वैतागत. एकदा पहाटे आकडा एकदम ८४ वर उतरला. घरात रडारड सुरू झाली, गाडी बोलावली, तोवर थोरल्या वहिनींनी त्यांचा हात आपल्या हातात धरून ऊब दिली आणि चिमटा पुन्हा लावला, तर आकडा ९४! बोट गार पडले होते, एवढेच. वडील त्यातून बरे झाले. पण त्या रात्री मनात आले की, आजाऱ्याला न उठविता, त्याच्या अंगावरच्या सदऱ्यानेच ही राखण केली असती तर किती बरे झाले असते!

तो चिमटा आता आपल्या घरोघरी परिचित आहे. १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आशाताई तो घेऊन दारोदार फिरल्या. त्यात आहे तरी काय? दोन दिवे आणि प्रकाश टिपणारा एक डोळा. एक दिवा तांबडा, दुसरा डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा. प्राणवायूने भरलेले रक्त तांबडा प्रकाश कमी शोषते, प्राणवायू गमावलेले रक्त तो अधिक शोषते; दोहोंच्या प्रमाणावरून आकडा निघतो. ही युक्ती जपानमधील ताकुओ आओयागी नावाच्या अभियंत्याने १९७४ च्या सुमारास शोधली. ते वस्तुतः दुसरेच मोजमाप करीत होते आणि नाडीच्या ठोक्यांमुळे त्यांच्या आलेखात येणारी थरथर त्यांना नकोशी झाली होती. ती कशी घालवावी याचा विचार करता करता त्यांच्या लक्षात आले की, ही थरथर केवळ धमनीतल्या रक्तामुळे होते. म्हणजे नेमके जे मोजायचे ते हेच! ज्या वर्षी त्यांचे यंत्र साऱ्या जगाच्या बोटांवर चढले त्याच २०२० साली, एप्रिलमध्ये, ते निवर्तले. नकोशी वाटणारी गोष्टच मापाचे साधन व्हावी, हा प्रकार ध्यानात ठेवावा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

आता प्रकाशतंतूकडे वळू. ग्रामपंचायतीपर्यंत इंटरनेट नेण्यासाठी रस्त्याच्या कडेने नाल्या खणून नळ्या पुरलेल्या आपण पाहिल्या आहेत. त्या नळ्यांतून जी तार जाते तिच्या पोटात तांबे नसते, काचेचा तंतू असतो. त्याची जाडी मिलिमीटरचा आठवा हिस्सा, आणि त्यातला प्रकाश चालण्याचा गाभा तर त्याहूनही कितीतरी बारीक. गाभ्याभोवती किंचित निराळ्या काचेचे वेष्टन असते. गाभ्यात शिरलेला किरण वेष्टनाच्या सीमेवर तिरकस आदळतो आणि आतच परततो. असा लक्षावधी वेळा आपटत आपटत तो तंतूच्या दुसऱ्या टोकाशी निघतो. आपल्या महाराष्ट्रात, पूर्वीच्या औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, असा काचतंतू ओढणारा मोठा कारखाना आहे.

या विद्येला प्रारंभी हातभार लावणाऱ्यांत एक भारतीय होते. पंजाबातील मोगा येथे १९२६ साली जन्मलेले नरिंदरसिंग कपानी. प्रकाश सरळ रेषेतच जातो, असे शिक्षकांनी सांगितले ते त्यांना पटले नाही, अशी आठवण ते सांगत. (शिक्षकांनी हे ऐकून वाईट वाटून घेऊ नये, मीही तसेच शिकवीत आलो.) १९५४ साली त्यांनी व हॅरल्ड हॉपकिन्स यांनी तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखविले. लगोलग, १९५७ च्या सुमारास, अशा जुडग्याची नळी पोटात घालून जठर पाहण्याची दुर्बीण अमेरिकेत तयार झाली. दूरध्वनीसाठी काचतंतू वापरता येईल हे चार्ल्स काओ यांनी १९६६ साली मांडले. म्हणजे हा तंतू दूरध्वनीच्या आधी रोग्याच्या सेवेस लागला होता. काओ यांस २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, कपानींस मिळाले नाही. आपल्या सरकारने २०२१ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

येथवर भौतिकशास्त्र झाले. आता माग सुरू होतो.

आपल्यापैकी ज्यांनी धोटा हाती धरला आहे त्यांस ठाऊक आहे की, कापडात कोणताही धागा सरळ नसतो. बाण्याचा धागा ताण्याच्या एका धाग्यावरून, दुसऱ्याखालून, असा लाटेसारखा जातो. सुताला त्याचे काही वाटत नाही. प्रकाशतंतूला मात्र वाटते. तंतू फार वाकला की आतला किरण वेष्टनाच्या सीमेवर हवा तितका तिरकस आदळत नाही आणि बाहेर निसटतो. प्रत्येक वळणाला थोडा थोडा प्रकाश गळतो. साध्या विणीत वळणे अतोनात, म्हणून गळतीही अतोनात. साटीणसारख्या विणीत धागा बराच वेळ मोकळा तरंगतो, वळणे थोडी, म्हणून प्रकाश पलीकडे पोचतो. शिवाय काच कडक. फणीच्या ठोक्याला व घट्ट वळणाला ती तुटते. म्हणून पुष्कळ ठिकाणी काचेऐवजी पाव मिलिमीटर जाडीचा, लवचिक अशा पारदर्शक प्लास्टिकचा तंतू घेतात. त्यातून प्रकाश दूर जात नाही, पण सदऱ्याला हात-दोन हात पुरे.

ही गळती शास्त्रज्ञांस प्रथम नकोशी होती. मग आओयागींच्या थरथरीसारखेच येथेही झाले. छातीभोवती बांधायच्या लवचिक पट्ट्यात तंतू मुद्दाम नागमोडी बसविला. श्वास घेताना छाती फुगते, पट्टा ताणतो, नागमोडीची वळणे मोकळी होतात आणि गळती कमी होते. श्वास सोडला की वळणे पुन्हा आवळतात आणि गळती वाढते. एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा डोळा. प्रकाश वाढला, कमी झाला, की एक श्वास झाला. इतके हे सोपे आहे. २००६ ते २००९ या काळात युरोपातील अनेक संस्थांनी मिळून ‘ऑफसेथ’ नावाच्या प्रकल्पात असे पट्टे तयार केले. ते कोणासाठी? चुंबकीय तपासणीच्या, म्हणजे एमआरआयच्या नळकांड्यात गुंगी देऊन झोपविलेल्या रुग्णांसाठी. तेथे प्रचंड चुंबक असतो. धातूची तार अंगाला लावली तर ती तापून कातडी भाजण्याची भीती. काच व प्लास्टिक यांना चुंबकाचे सोयरसुतक नाही.

याहून सूक्ष्म असा दुसरा प्रकार आहे. काचतंतूच्या गाभ्यात अतिनील किरणांनी बारीक, समान अंतराच्या रेघा उमटवितात. अशी जाळी आत आलेल्या प्रकाशातील एकच ठराविक रंग परत फिरविते. तंतू जरा ताणला किंवा तापला की रेघांतील अंतर बदलते आणि परत येणारा रंग किंचित सरकतो. उष्णता एका अंशाने वाढली तर हा सरक नॅनोमीटरचा शंभरावा हिस्सा एवढाच असतो, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहालक्षावा भाग! तरीही तो मोजता येतो. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. एस. अशोकन यांच्या सहकाऱ्यांनी अशाच जाळीने मनगटावरील नाडीचा ठोका उमटवून दाखविला आहे. आपल्या पुण्यासही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ‘नाडीतरंगिणी’ या नावाने नाडी टिपण्याचे काम झाले व ते २००७ साली प्रसिद्ध झाले. मात्र तेथे दाब मोजणारी विजेची साधने होती, प्रकाशतंतू नव्हते.

परंतु माझ्या मते या साऱ्या इतिहासातील आपणांस सर्वांत जवळचा माणूस कोणी पदार्थवैज्ञानिक वा डॉक्टर नव्हे. १९९६ साली अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेत प्रा. सुंदरेसन जयरामन यांनी, तेथील नौदलाच्या साहाय्याने, सैनिकासाठी एक बंडी तयार केली. तिच्यात प्लास्टिकचा प्रकाशतंतू विणलेला होता. गोळी लागली की तंतू तुटे, त्या जागेपलीकडे प्रकाश जात नसे, आणि जखम कोठे झाली ते दुरून कळे. नाडी आणि श्वास मोजणारी साधनेही त्याच बंडीला जोडता येत. हे जयरामन मूळचे वस्त्रविद्येचे अभ्यासक. अडचण त्यांनी विणकराच्या नजरेने पाहिली: तंतू कापडात मागाहून चिकटविण्याऐवजी विणतानाच घालावा, आणि बंडी कापून शिवू नये, कारण कापले की तंतू तुटतो. आपले आजोबा हेच म्हणाले असते.

करवत काठीची साडी नेसलेल्या पुष्कळ भगिनी मला समोर दिसत आहेत. अंगाचा भाग कोशाचा, काठ सुताचा, आणि दोहोंच्या सीमेवर करवतीचे दात. ते दात तीन धोट्यांनी पडतात. अंगाचा बाणा आणि काठाचा बाणा ठरलेल्या जागी एकमेकांत अडकून आपापल्या बाजूस परततात. त्यामुळे एकाच कापडात दोन जातींचे धागे आपापल्या हद्दीत राहतात आणि जोड मात्र फाटत नाही. प्रकाशतंतूच्या वस्त्रात नेमके हेच हवे असते: तंतू छातीच्या पट्ट्यातच राहावा, पाठीत जाऊ नये, आणि वस्त्राच्या काठाशी तो न मोडता बाहेर काढता यावा, म्हणजे दिव्याला जोडता येईल. हा जोडच आज फार ठिकाणी अडचणीचा आहे, असे अभ्यासक लिहितात. मोहाडी, आंधळगावचे कारागीर हा जोड जाणतात. पण मागांचा खडखडाट माझ्या लहानपणी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू येई. आता तो कोठून येतो ते शोधावे लागते. तीन धोटे चालविणारे हात थकत चालले आहेत आणि त्यांची मुले पुणे-नागपुरास संगणकासमोर बसली आहेत. त्यांना मी दोष देत नाही. मागाने पोट भरत नसेल तर माग सोडणे हे शहाणपणच. एवढेच वाईट वाटते की, प्रकाशतंतूचे गणित जाणणारा नातू आणि तीन धोट्यांचा जोड जाणणारा आजा एकाच घरात असून या विषयावर एकमेकांशी बोललेले नाहीत.

आता लहान मुलांविषयी थोडे अधिक बोलतो. कारण या तंतूंचा खरा उपयोग तेथे आहे असे मला वाटते. न्यूमोनिया ओळखण्याची खेड्यातील पहिली खूण म्हणजे श्वासाची गती. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष यात ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे यात ४० किंवा अधिक झाले, तर धोका समजावा, असा आरोग्यसेवकांस नियम घालून दिला आहे. ऐकण्यास सोपे, पण रडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या बाळाचे श्वास पूर्ण मिनिटभर डोळ्यांनी मोजून पाहा! मी नातवाचे मोजले. दोनदा मोजले तर दोन निराळे आकडे आले. झोपलेल्या बाळाच्या पोटावरचा मऊ पट्टा हे काम शांतपणे करू शकेल. (नवजात बाळाच्या काविळीवर तर प्रकाशतंतूंचे विणलेले दुपटे फार पूर्वीपासून वापरात आहे. त्यात वळणांतून गळणारा प्रकाशच बाळाच्या अंगावर पडून औषधाचे काम करतो. मात्र तो उपचार झाला, मापन नव्हे.)

आणि येथे, भंडारा जिल्ह्यात उभे राहून नवजात बाळांविषयी बोलताना ९ जानेवारी २०२१ ची ती पहाट आठवल्यावाचून राहत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात आग लागली आणि दहा बाळे गेली. प्रकाशतंतू असते तर ती आग टळली असती, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. तसे म्हणणे त्या मातांच्या दुःखाचा उपयोग करून घेणे होईल. मी इतकेच सांगू शकतो की काचेच्या व प्लास्टिकच्या तंतूतून वीज वाहत नाही. बाळाला स्पर्श करणारा भाग केवळ प्रकाश नेतो, आणि वीज लागणारे यंत्र दूर ठेवता येते. जेथे प्राणवायू, ऊब आणि विजेची उपकरणे एका खोलीत दाटलेली असतात तेथे हा गुण लहान नाही.

उत्साहाच्या भरात भलतीच आशा लागू नये म्हणून काही उणिवाही सांगितल्या पाहिजेत. अशी वस्त्रे अद्याप आपल्या बाजारात कपड्यांच्या दुकानी मिळत नाहीत. पुष्कळशी अजून प्रयोगशाळांतच आहेत. तरुण मंडळींच्या मनगटावरची घड्याळे कातडीवर हिरवा प्रकाश टाकून नाडी मोजतात, ती या कुळातलीच, पण त्यांत तंतू नाही. रेघांची जाळी वाचणाऱ्या यंत्रास आजही लाखांनी रुपये पडतात. साधा प्लास्टिक तंतू, दिवा व डोळा हे मात्र शाळेच्या प्रयोगशाळेलाही परवडेल. जाळीच्या तंतूला ताण आणि उष्णता यांतील भेद आपोआप कळत नाही, म्हणून ताण न पडणारी दुसरी जाळी शेजारी ठेवून वजाबाकी करावी लागते. धुणे हा तर वेगळाच प्रश्न. आपल्याकडे कपडा दगडावर आपटला जातो, हे युरोपातील संशोधकांच्या ध्यानात आले असेल असे वाटत नाही. घाम, उन्हाळ्यातील पंचेचाळीस अंश, कूस बदलताना पडणारा ताण, या साऱ्यांनी आकडा बिघडतो.

प्रकाश सर्वांच्या कातडीतून सारखाही जात नाही. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले की, बोटाच्या यंत्राने प्राणवायू ठीक दाखविला असतानाही रक्तात तो कमी असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत शंभरी सुमारे ४, तर कृष्णवर्णीय रुग्णांत सुमारे १२ होते. आपली कातडी सावळी. परक्या कातडीवर पारखलेले यंत्र आपणांस जसेच्या तसे लागू पडेल असे समजू नये. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचा रोग पुष्कळ आहे, आणि तो या प्रकाशाने ओळखता येत नाही, त्यासाठी रक्तच तपासावे लागते. उद्याच्या वधू-वर परिचयात पत्रिकेआधी ही तपासणी विचारली जावी, अशी मंडळाला माझी विनंती आहे. विषय थोडा बाजूला गेला, क्षमा असावी.

शेवटी दोन सूचना मंडळापुढे ठेवतो. पहिली अशी की, दरवर्षी दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्त्यांपैकी एक वस्त्रविद्या शिकू इच्छिणाऱ्या मुलाला किंवा मुलीला द्यावी. इचलकरंजीच्या वस्त्र व अभियांत्रिकी संस्थेत आणि मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये हे शिक्षण मिळते, आणि आपल्या मुलांच्या यादीत ते नाव मला गेल्या कित्येक वर्षांत दिसलेले नाही. दुसरी सूचना अशी की, करवत काठीचे जे कारागीर आज हयात आहेत त्यांचे काम, धोटा कोणता केव्हा जातो, जोड कोठे अडकतो, हे सारे छायाचित्रांसह लिहून पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापावे. लिहून घेण्याचे काम मी करीन. मात्र मागावर बसून दाखविणारा माणूस मंडळाने मिळवून द्यावा.

सभा संपल्यावर डाव्या हाताच्या टेबलाजवळ मुलांनी यावे. मी तेथे प्लास्टिकचा दोन हात लांब प्रकाशतंतू आणि एक विजेरी ठेवली आहे. काचेचा तंतू मुद्दाम आणला नाही. त्याची कुसळे बोटात मोडतात. एका टोकाला विजेरी धरावी, दुसरे टोक तळहाताकडे करावे, आणि मधला तंतू पेन्सिलीभोवती गुंडाळून पाहावा. तळहातावरचा ठिपका मंद होईल आणि पेन्सिलीभोवती उजेड गळताना दिसेल. आमच्या शेजारचे एक वृद्ध विणकर काल तो पाहून म्हणाले, “मास्तर, हा धागा खळ न लावता कसा चालेल?” मला उत्तर आले नाही. ते आज सभेला आले आहेत. टेबलाजवळ तेही असतील.